जुन्या संगणकाची डिस्क बदलताना

(यंदाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या संध्याकाळी इंदूर-उज्जैनहून कुणी अभ्यासू पाहुणे येतात आणि संतसाहित्यावर, नाहीतर नाट्यसंगीतावर बोलतात. यंदा पाहुण्यांचं जमलं नाही. तेव्हा कार्यकारिणीला आठवलं की आमच्या घरी श्रावणात कॉम्प्युटरचं काहीतरी मोठं ऑपरेशन झालं होतं. म्हणून आज नाट्यसंगीताच्या जागी हार्ड डिस्क. बोलायला दोघं उभे आहोत. कुठलं वाक्य कुणाचं हे विचारू नका, घरीही त्यावर एकमत होत नाही.

गोष्ट आहे आमच्या नानांच्या संगणकाची. आमच्यापैकी एकाचे ते वडील, एकीचे सासरे. अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना पहिल्या रांगेत बसून मागच्यांचे उच्चार सुधारणारे नाना आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. त्यांची बरीचशी नोकरी कचेरीत हिंदी टाइपरायटरवर गेली, रेमिंग्टनच्या कीबोर्डवर. निवृत्त झाल्यावर २०१० साली त्यांनी इंदूरहून संगणक जुळवून आणला. ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज सेव्हन. त्या उभ्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे आतली एक चिप, पण आज आम्हीही डब्यालाच सीपीयू म्हणणार आहोत.

नानांना संगणक हवा होता तो मोडी कागदांसाठी. आपल्या मंडळातल्या अनेक घरांत अशी एक पेटी असेल. माळ्यावर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. पवार, होळकर आणि शिंदे यांच्या मुलखांच्या सीमा आपल्या या भागात एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की एकाच घराण्याचे कागद तीन दरबारांचे निघतात. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती, म्हणजे एकाच गावात दोन राज्यं! हे सगळे कारभार चालले मराठीत आणि लिहिले गेले मोडीत. नाना मोडी शिकले ते त्यांच्या आजोबांकडून. आम्ही शिकलो नाही. तेव्हा वाटायचं, नाना आहेत की.

मोडी वाचणं म्हणजे काय, ते त्यांच्या शेजारी बसून पाहिलंय. लिहिणाऱ्याने आधी कागदभर आडवी शिरोरेघ ओढलेली, मग तिला अक्षरं लटकवत नेलेली. शब्द कुठे संपला ते कळायची सोय नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाहीच. नाना एक ओळ वाचायचे, वहीत बाळबोधीत उतरवायचे, मग संगणकावर टाइप करायचे. अडलेल्या शब्दाच्या जागी टिंबं टाकून पुढे जायचे आणि दहा ओळींनंतर तोच शब्द उघड्या वळणाने भेटला की मागे येऊन टिंबं भरायचे. अशा एक्केचाळीस फाइली झाल्या. पहिल्या वीस त्यांनी छापूनही ठेवल्या. मग प्रिंटरची शाई वाळली, मग त्यांचे डोळे थकले. वह्या कुठे गेल्या ते विचारू नका. घराला रंग काढला तेव्हा रद्दीत गेल्या, आणि तो अपराध आमच्या दोघांचा आहे.

म्हणजे हिशेब असा. मूळ कागद आहेत, पण ते आम्हाला वाचता येत नाहीत. वाचता येणारी प्रत एकच, ती नानांच्या सीपीयूतल्या डिस्कवर. दुसरी डिस्क घेऊन तिच्यावर नक्कल ठेवा, असं भाच्याने तेव्हाच सांगितलं होतं. पण २०११ मध्ये थायलंडात मोठा पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर डिस्कचे भाव चढले. नाना म्हणाले, उतरले की घेऊ. भाव उतरले. आमचं घेणं राहून गेलं.

नाना गेल्यावर संगणक कोपऱ्यात राहिला. मंडळाचा वर्गणीचा हिशेब आणि आरत्यांची पत्रकं एवढ्यापुरता सुरू व्हायचा. यंदा श्रावणात हिशेबासाठी बटण दाबलं, तर सुरू व्हायला दहा मिनिटं लागली आणि आतून टक्, टक्, टक् असा आवाज येऊ लागला. आम्हाला वाटलं पंखा. झाकणावर एक चापटही मारून पाहिली. हे कधीही करू नका.

त्या डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात, मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या. त्यांच्यावरून वाचणारं डोकं फिरतं ते चकतीला न टेकता, केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट कमी अंतरावरून तरंगत. जगातली पहिली हार्ड डिस्क १९५६ सालची, आयबीएमची. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, म्हणजे आपल्या मोठ्या पराती एकावर एक रचाव्यात तशा, आणि त्यात मावायची जेमतेम ५० लाख अक्षरं. आज तेवढ्यात फोनवरचा एखादा फोटोही नीट मावत नाही. आकार बदलला, पण चकती आणि डोकं ही रचना तीच. आणि जे फिरतं ते झिजतं. टक् टक् म्हणजे डोकं जागा शोधतंय, सापडत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतंय.

पुण्याला असलेल्या भाच्याला फोन लावला. तो या क्षेत्रातला. त्याने फोनवरच एक छोटा फुकटचा प्रोग्राम चालवायला लावला, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा. डिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद स्वतःच ठेवत असते, हा प्रोग्राम ती दाखवतो. पिवळ्या रंगात 'कॉशन' आलं. पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे तुकडे, बरेच.

"मामी, आता त्याच्यावर काही नवीन सेव्ह करू नका. नानांचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि बंद करा."

घेतलं. चाळीस फाइली आल्या. एक्केचाळिसावीला सगळं गोठलं. भाचा म्हणाला, "तिथेच सोडा. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला तर उरलेलंही जाईल."

योगायोगाने मुलगी राखीला आली होती. पेनड्राइव्ह तिच्या लॅपटॉपला लावला, फाइल उघडली, आणि पडद्यावर मराठीचा मागमूस नाही. नुसती रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम. आम्हाला वाटलं, झालं, सगळं नासलं. मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, हा कृतिदेव आहे. माझ्याकडे तो फॉन्ट नाही."

मंडळी, इथे थोडं थांबायला हवं, कारण हे आपल्या सगळ्यांच्या घरांत आहे. आपल्या मध्य प्रदेशात कचेऱ्यांपासून टायपिंगच्या परीक्षांपर्यंत कृतिदेव इतका रुळलाय की तो एक फॉन्ट आहे हेही आपण विसरतो. तो एक प्रकारचा मुखवटा आहे. संगणक आत रोमन अक्षरंच साठवतो, फक्त वरून देवनागरीची चित्रं चढवतो. 'मराठी' हा शब्द कृतिदेवात लिहिला की आत साठतं ई, जे, के, बी, एच. मुखवटा हरवला की ही पाच अक्षरं तेवढी उरतात. जुने इतर मराठी फॉन्टही बहुतेक असेच. युनिकोडमध्ये मात्र म म्हणून म-च साठतो. म्हणून फोनवर लिहिलेलं मराठी अमेरिकेतल्या नातवालाही मराठीच दिसतं.

हा फॉन्ट राहतो कुठे? मुख्य डिस्कवर, विंडोजच्या पोटात. म्हणजे 'माय डॉक्युमेंट्स' तेवढं उचललं आणि मुख्य डिस्क बदलली, की कागद येतात आणि अक्षरं मागे राहतात.

इंदूरला जिथे डिस्क घ्यायला गेलो तिथल्या मुलाने अगदी आपुलकीने विचारलं होतं, "अंकल, डाटा काम का है क्या? नहीं तो फॉर्मेट मार के नई विंडो डाल देता हूँ, आधे घंटे में." त्याचं काही चुकलं नाही. दिवसभर तो हेच करतो आणि बहुतेकांना हेच हवं असतं. पण तोवर आम्हाला एवढं कळलं होतं की आम्हाला नवी विंडो नको, जुनीच, आहे तशी, फॉन्टांसकट हवी. त्याला क्लोन म्हणतात. डिस्कचा पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंतचा ठसा दुसऱ्या डिस्कवर.

नवी घेतली ती एसएसडी. हिच्यात काहीच फिरत नाही, जुन्या सीपीयूला ती तरतरी आणते आणि अशा जुन्या मशीनलाही साध्या साटा केबलने जोडता येते. पण पहिल्या खेपेला आम्ही ४८० जीबीची आणली. वीस जीबीने काय बिघडतं? जुनीत भरलेलंही शंभराच्या आसपासच होतं. भाच्याने कपाळावर हात मारला. ठसा घ्यायचा तर नवी डिस्क जुन्याएवढी किंवा मोठीच हवी. जुनीवरचे विभाग आधी आखडून घेता येतात, पण त्यासाठी आजारी डिस्कवर लिहावं लागतं, आणि आजारी डिस्कवर कापाकापी करायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बस, पुन्हा इंदूर. परत येताना पावसाने कालीसिंधला बऱ्यापैकी पाणी चढलेलं, बस पुलापाशी मुंगीच्या पावलाने, आणि मांडीवर ५१२ जीबीची डिस्क. हौसेने सासरवाडीला नेतात तसा डबा धरला होता.

ऑपरेशन रविवारी केलं. सीपीयूची वायर काढली, मग सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज जाते. डब्याच्या धातूला हात लावला, अंगातली वीज उतरते. पेचकस घेऊन झाकण उघडलं, तर आत पंधरा वर्षांची धूळ आणि एक झुरळ, मेलेलं. धूळ मऊ ब्रशने काढली. जुनी डिस्क जोडलेली ठेवून नवी शेजारी जोडली. दोन वायरी असतात, एक बारीक माहितीची, एक रुंद विजेची, आणि दोन्ही एकाच बाजूने बसतात, जबरदस्ती करायची नाही. नवी आकाराने लहान, तिच्यासाठी खाचा नसतात. वेगळी पट्टी मिळते, पण आम्ही दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. फिरणारं काही नसल्याने चालतं.

विंडोज सुरूच केली नाही. भाच्याने पाठवलेली लिनक्स पेनड्राइव्हवर टाकून तिच्यावरून मशीन चालू केलं. वापरायचं होतं डीडीरेस्क्यू. त्यात आधी 'कुठून' लिहायचं, मग 'कुठे'. उलटं झालं तर कोरी डिस्क नानांच्या फाइलींवर छापली जाईल आणि मग देवही काही करू शकणार नाही. दोन्ही डिस्कचे नंबर कागदावर लिहून घेतले, एकाने वाचले, दुसरीने तपासले, व्हिडिओ कॉलवर भाच्याने पुन्हा वाचले. एवढ्या काळजीने आम्ही पत्रिकाही जुळवल्या नव्हत्या.

रात्री आठला सुरू केलं. सीपीयूला इन्व्हर्टर जोडला होता, आपल्याकडच्या विजेचा काय भरवसा. हा प्रोग्राम काम कसा करतो ते बघताना आम्हा दोघांनाही एकदमच नाना आठवले. तो अडलेल्या तुकड्यापाशी झगडत बसत नाही. त्याची नोंद करतो, पुढे जातो, चांगलं ते सगळं आधी उतरवून घेतो, आणि मग मागे येऊन अडलेल्या जागा एकेक करून पुन्हा वाचून पाहतो. टिंबं टाकायची आणि पुढे जायचं. आम्ही आळीपाळीने जागलो, खरं तर जागायची गरज नव्हती. पहाटे जवळजवळ सगळं उतरलं होतं. मग अडलेल्या जागांचे फेरे, दुपारपर्यंत. शेवटी ३६ केबी काही केल्या वाचलं गेलं नाही. ५०० जीबीमध्ये ३६ केबी. भाचा म्हणाला, "मामा, हे फारच छान झालं."

जुनी डिस्क सोडवली. दोन्ही जोडलेल्या ठेवून विंडोज सुरू करायची नाही. दोघींची ओळख आता हुबेहूब सारखी असते आणि विंडोज गोंधळते. नवी एकटी ठेवून बटण दाबलं आणि निळा पडदा!

चूक आमचीच होती. डबा उघडलाच आहे तर मदरबोर्डवरचा गोल सेलही बदलून टाकू, तो सीआर २०३२, असं भाच्याला न विचारता ठरवलं होतं. सेल काढला की मदरबोर्ड आपल्या सेटिंग विसरतो. त्यात डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं, एएचसीआय की आयडीई, हेही पुसलं गेलं. विंडोज सेव्हन बसवताना जी पद्धत होती ती बदलली तर ती उघडत नाही. सेटिंग पूर्ववत केली आणि एका मिनिटात नानांचा पडदा समोर. तोच चामुंडा टेकडीचा फोटो, तीच आडवीतिडवी चिन्हं, आणि फाइल उघडली तर कृतिदेव जागच्या जागी.

मशीन आता इंटरनेटला जोडत नाही. विंडोज सेव्हनची सुरक्षेची देखभाल १४ जानेवारी २०२० लाच थांबली. बँकेची कामं त्यावर करायची नाहीत. जुनी डिस्क कपाटात आहे, भंगारात नाही. देणार असाल तरी नुसतं डिलीट किंवा फॉरमॅट मारून देऊ नका, त्यावरून आपली पासबुकं परत काढता येतात. नानांच्या फोल्डरच्या आता तीन प्रती आहेत. एक सीपीयूत, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक पुण्याला. एसएसडी महिनोन् महिने वीज न देता नुसती कपाटात ठेवली तर तिच्यावरचं पुसट होऊ शकतं, म्हणून साठवणीला तिच्यावर एकटीवर विसंबायचं नाही.

आता मुलगी फाइली युनिकोडमध्ये आणते आहे. त्यासाठी बदलून देणारे प्रोग्राम आहेत, पण तपासावं लागतं. टाइपरायटरच्या सवयीने कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. हा पालट नीट झाला नाही तर 'कर्ज' चा 'कजर्' होतो, आणि आमच्या कागदांत कर्ज पानोपानी आहे. मंडळाच्या जुन्या स्मरणिकांच्या फाइली ज्यांच्या घरी असतील त्यांना विनंती, त्या एकदा उघडून पाहा. अक्षरं दिसत नसली तरी वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत फॉन्टचं नाव दिसतं. तेवढं नाव एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुढचं काम त्याच्यावर अडतं.

ते ३६ केबी कुठे गेले म्हणाल, तर थोडं इकडेतिकडे आणि बाकीचं एक्केचाळिसाव्या फाइलीत. वर्डमध्ये मोडक्या फाइलीतून मजकूर ओढून काढायचा एक पर्याय असतो, 'रिकव्हर टेक्स्ट' नावाचा. त्याने पहिले दोन परिच्छेद आले. आमच्याच घरातल्या एका विधवा बाईची ती अर्जी आहे. दीर चरितार्थाला शेत देत नाहीत, पदरी दोन मुलं आहेत, सरकारांनी विचार करावा, इथपर्यंत. त्यापुढे चौकोन आणि प्रश्नचिन्हं. दरबाराने शेरा काय मारला, शेत मिळालं की नाही, ते नानांनी वाचलं होतं आणि टाइप केलं होतं. आम्हाला कधी सांगितलं असेल तर आम्ही लक्ष दिलं नाही.

मूळ कागद मात्र शाबूत आहे. तो आम्ही आज आणलाय, प्लास्टिकच्या पाकिटात घालून खजिनदारांच्या टेबलावर ठेवलाय. शेऱ्याची ओळ मागच्या बाजूला आहे, वेगळ्या हाताची, फार घाईत लिहिलेली. आपल्यापैकी कुणाला, कुणाच्या आजीला-आजोबांना, देवास-इंदूरच्या कुणा पाहुण्यांना मोडी वाचता येत असेल, तर आरतीनंतर आम्ही तिथेच बसलो आहोत. हात तेवढे पुसून या, आज खिरापतीला पंचामृतही आहे.